कुत्र्याचे केस गळू लागले तर



गाय आटली, म्हैस उलटली, शेळी चरेनाशी झाली की आपण लगेच दवाखाना गाठतो. वस्तीवरच्या कुत्र्यासाठी मात्र सहसा कोणी हलत नाही. रात्रभर खळं राखणार ते, रानडुकरांच्या मागं धावणार ते, पण त्याचं दुखणं हे दुखणंच नव्हे, असा आपला हिशोब. आता वस्त्यांवर लांब केसांची कुत्रीही दिसतात. पांढरा झुबकेदार, ज्याला सगळे पामेरियन म्हणतात तो, अल्सेशियन, नाहीतर यांची गावठी कुत्रीपासून झालेली पिलं. असं आठ-दहा महिन्यांचं पिलू एक दिवस झडायला लागतं. हात फिरवला की मूठभर केस. ओसरीवर केस, अंथरुणात केस, दुधाच्या चरवीत केस. घरातली आजी म्हणते, ‘याला लूत लागली, रानात नेऊन सोडा.’ आणि घरातला तरुण फवारणीच्या औषधाचं डबडं शोधायला लागतो. ते डबडं उघडण्याआधी चार गोष्टी ऐकून घ्या. पिलू मुळात निरोगी असलं, तरी त्या औषधानं ते जिवानिशी जाऊ शकतं.

पहिली गोष्ट, केस गळणं म्हणजे रोग नव्हे. लांब केसांच्या बहुतेक जातींना दुहेरी पांघरूण असतं. वर लांब, राठ केस आणि खाली मेंढीच्या लोकरीसारखी दाट, मऊ लव. प्रत्येक केस वाढतो, थांबतो आणि गळतो; त्याच मुळातून दुसरा येतो. पिंपळ जुनी पानं टाकतो आणि त्याच दिवसांत पालवी धरतो, तसंच हे. पिलाची बाळलव चार ते सहा महिन्यांच्या वयात उतरू लागते. लांब केसांच्या पिलाला पुरते मोठेपणीचे केस यायला वर्ष, कधी दीड वर्षही लागतं. त्यातच ऋतूची गळती येते. दिवस मोठा होऊ लागला की, म्हणजे माघ-फाल्गुनापासून, थंडीची लव सुटते. पावसाळा सरल्यावर पुन्हा एकदा सुटते. ही गळती तीन ते सहा आठवडे चालते. या काळात लव पुंजक्या-पुंजक्यांनी निघते आणि कुत्रं अगदी चिंधीसारखं दिसतं. व्यालेल्या कुत्रीचेही दोन-तीन महिन्यांत असेच केस जातात. यात औषधाचं काही काम नाही.

कारवानी कुत्र्यातल्या पश्मीची गोष्ट थोडी वेगळी. त्याला लांब केस कानांवर, पायांच्या मागं आणि शेपटीला असतात, अंगावरचे आखूडच. पश्मीचं पिलू पुंजक्यांनी झडू लागलं, तर ‘ऋतू आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

मग रोग ओळखायचा कसा? केस पाहू नका, केसाखालची कातडी पाहा. सकाळच्या उन्हात पिलाला घ्या आणि बोटांनी केस दुभंगून पाठ, मांड्या, काखा, कानांमागचा भाग बघा. कातडी स्वच्छ, गळती दोन्ही अंगांना सारखी, पिलू खातंपितं, खेळतं आणि फारसं खाजवत नाही, तर निर्धास्त राहा. पण टक्कल पडलेले चट्टे, लाली, खपली, कोंडा, पू, घाण वास किंवा रात्रंदिवस खाजवणं, यातलं काही दिसलं तर ते ऋतूचं काम नव्हे.

शेपटीच्या बुडापाशी आणि कमरेवर केस विरळ झाले असतील तर आधी पिसवांचा संशय घ्या. कणवा पडल्यासारखे काळे कण दिसतात. ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाका. कणाभोवती तांबूस डाग उमटला, तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचंच वाळलेलं रक्त. आता एक लक्षात ठेवा. अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्या. अंडी आणि अळ्या असतात कुत्रं झोपतं त्या मातीत, त्या गोणपाटात. म्हणून गोणपाट उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाका, जागा झाडून काढा आणि वस्तीवरच्या सगळ्या कुत्र्यांवर एकदमच उपचार करा. एकावर करून भागत नाही.

कानांच्या कडा, कोपरं आणि मागच्या पायांचे घोटे इथं केस गेले, खपल्या धरल्या आणि खाज काही केल्या थांबेना, तर ती खरूज. कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळा. मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला, तर संशय पक्का समजा. ही खरूज माणसालाही त्रास देते. पिलाला उचलणाऱ्या पोराच्या हातांवर, पोटावर खाजरे पुरळ उठतात. डोळ्यांभोवती, तोंडाभोवती, पुढच्या पायांवर केस गेलेले लहान चट्टे आणि खाज जवळजवळ नाही, अशी लूत वेगळी. ती वर्षाच्या आतल्या पिलात जास्त होते, माणसाला लागत नाही आणि थोडी असली तर पुष्कळदा आपसूक भरून येते. आजीबाईंच्या ‘रानात सोडा’ला हे उत्तर! गोल चट्टा, कडेचे केस तुटलेले, वर पांढुरकी पूड, हे गजकर्ण. ते पोरांना आणि वासरांनाही लागतं, म्हणून बरं होईपर्यंत पिलू वेगळं बांधा. मेडिकलमधून खाजेचं मलम आणून चोळू नका. अशा कित्येक मलमांत स्टिरॉइड असतं. खाज दबते आणि गजकर्ण आत पसरतं.

आता त्या डबड्याविषयी. कापसावर, तुरीवर फवारायचं औषध कुत्र्याच्या अंगावर कधीही ओतू नका. ते कातडीतून आत जातं आणि कुत्रं अंग चाटतं त्यामुळं पोटातही जातं. पूर्वी घरोघर बी.एच.सी.ची पावडर असे आणि ती जनावरांना सर्रास चोळत. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल, तेही नको. कोणी चुकून औषध ओतलंच आणि तोंडातून लाळ, अंगाला कापरं, चालताना झोक असं दिसलं, तर हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून साबणपाण्यानं अंग धुवा आणि डबडं बरोबर घेऊन डॉक्टरकडे पळा. मिठाचं पाणी पाजून ओकवायचा खटाटोप करू नका.

मेंढ्यांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन उरलं म्हणून ते कुत्र्याला टोचणं हाही तसाच जुगार. कोलीसारख्या मेंढपाळी जातींत आणि काही अल्सेशियनमध्येही जन्मतः असा दोष असतो की हे औषध थेट मेंदूत शिरतं. कुत्रं लडखडतं, आंधळं होतं, मरतं. जात, वजन आणि मात्रा पाहणं हे डॉक्टरचं काम.

कातडी चांगली आणि तरीही केस निस्तेज, ठिसूळ, बारा महिने गळताहेत, तर पाटीत काय पडतं ते बघा. केस हा जवळजवळ सगळा प्रथिनांचाच. वाढत्या पिलाला नुसती भाकरी आणि ताक दिलं तर केसाला उरणार काय? भाकरीत शिजवलेली डाळ कालवा, रोज एक उकडलेलं अंडं द्या, जमेल तेव्हा शिजवलेलं मटण किंवा मासळी, आणि वर चहाचा एक चमचा करडईचं तेल. कांदा-लसणाचं कालवण मात्र नको. त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, आठ दिवसांत कंटाळू नका.

‘कुत्र्याचा केस पोटात गेला की गाठ होते,’ असं म्हणतात. केसानं गाठ होत नाही, पण हे अगदीच खोटंही नाही. मेंढरू कापल्यावर पाण्याचे फोड असलेलं काळीज, फुप्फुस कच्चंच कुत्र्यापुढं टाकलं, तर त्याच्या आतड्यात बारीक चपटे जंत होतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि लांब केसांना चिकटून राहतात. तोच हात पोरानं तोंडात घातला की माणसाच्या काळजात, फुप्फुसात वर्षानुवर्षं वाढणारी पाण्याची गाठ तयार होते. म्हणून असे अवयव खोल पुरा, सहा महिन्यांवरच्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या, आणि घेताना ‘आमच्याकडे मेंढ्या आहेत’ हे डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते चपट्या जंतांवरचं देतील. कुत्र्याला हात लावला की जेवणाआधी साबणानं हात धुवायचेच.

गळतीच्या दिवसांत रोज फणी करा. रुंद दातांची लोखंडी फणी घ्या आणि ओसरीवर नव्हे, अंगणात बसा. कानांमागं, काखेत, मांड्यांत गुंते होतात; कुसळं, गोखरू तिथंच अडकतात. गुंता आधी बोटांनी सोडवा, मग अंघोळ घाला. गुंत्यावर पाणी पडलं की तो आवळतो. अंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे, कपड्याच्या साबणानं नको. उन्हाळा आहे म्हणून पिलाला भादरू नका. तेच केस उन्हाचा चटका अडवतात. त्याऐवजी सावली आणि गार पाण्याचं परळ द्या.

दवाखान्यात न्यायची वेळ आली तर अंगाला तेल, हळद, राख काही फासून नेऊ नका. डॉक्टरांना कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची असते, लेप असला की काही दिसत नाही. तोंडाला मऊ सुती पट्टी बांधा, आणि तीन महिन्यांपुढच्या पिलाला पिसाळण्याची लस टोचली नसेल तर त्याच खेपेला टोचून घ्या. पुढची एक वर्षानं. तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.