नमुन्याच्या कापडावरील नाव

(महोत्सवानिमित्त मनोरी येथे भगिनीमंडळापुढे झालेले भाषण)



ह्या पुस्तिकेसाठी जुन्या नोंदी चाळीत असता धर्मगुरूंची नावे सापडली, देणगीदारांची सापडली, गवंडी-सुतारांचे हिशेबही सापडले. परंतु वेदीची वस्त्रे कोणी भरली, ह्याविषयी एक ओळही आढळली नाही. आज बोलावयाचे ते ह्याच उणिवेविषयी.

काही महिन्यांपूर्वी एका वृद्ध मातेस कम्युनियन देण्यास मी गेलो होतो. तिने पेटीतून एक पिवळट कापड काढविले. त्यावर फुलीच्या टाक्यांनी मुळाक्षरे व आकडे भरलेले; त्याखाली माड, कोंबडा, दोन कबुतरे व द्राक्षवेल; आणि सर्वांत खाली तिचे नाव व वय, वर्षे ११. कॉन्व्हेंटच्या शाळेत शिवणाच्या तासाला तिने ते केले होते. मग ती सहज म्हणाली की, आपल्या वेदीच्या जुन्या वस्त्राच्या काठावरील द्राक्षवेलही तिच्याच हातची आहे. त्या वस्त्रावर मी कित्येक वेळा मिस्सा अर्पण केली होती. पण ती वेल कोणाची, हे मी कधी विचारले नव्हते.

अशा कापडास सॅम्पलर म्हणतात. नमुना ह्या अर्थाच्या एका लॅटिन शब्दावरून हे नाव आले. छापील नमुने दुर्मिळ होते तेव्हा आवडलेली वेल वा पक्षी स्त्रिया कापडावर उतरवून ठेवीत. पुढे शाळांतून मुलींस अक्षरे व टाके एकदमच शिकविण्याचे ते साधन झाले. साल घातलेले सर्वांत जुने इंग्रजी सॅम्पलर १५९८ चे असून ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जेन बोस्टॉक हिने त्यात फुले, वेली व जनावरे भरली आणि ॲलिस ली नामक बालिकेचा १५९६ मधील जन्मही नोंदविला. त्या दोघींचे स्मरण आज उरले आहे ते एका सुईमुळे.

आपल्या मातेच्या कापडातही अर्थ भरलेला आहे. द्राक्षवेल ख्रिस्ताची, कबुतर पवित्र आत्म्याचे, कोंबडा संत पेत्राच्या पश्चात्तापाचा. माड मात्र तिच्या स्वतःच्या अंगणातला!

निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपाचे कारागीर बसालेल व अहलियाब ह्यांची नावे आहेत. सूत कातणाऱ्या कुशल स्त्रियांचा उल्लेख आहे, पण नावे नाहीत. उलट यापो ह्या समुद्रकाठच्या गावी तबिथा वारली तेव्हा विधवांनी तिने शिवलेले अंगरखे संत पेत्रास रडत रडत दाखविले, म्हणून तिचे नाव पवित्र शास्त्रात राहिले. कोणीतरी ते कापड पुढे करावे लागते.

म्हणून माझी विनंती अशी: आपल्या पेट्या उघडा. जुने भरतकाम घाईने धुऊ नका, रंग फुटतो. घड्या घालू नका, घडीवर धागा तुटतो. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून ऊन व पावसाळी दमट हवा ह्यांपासून जपा. आणि ते कोणी भरले, हे चिठ्ठीवर लिहून मजकडे आणा; चर्चच्या नोंदवहीत ते नाव मी स्वहस्ते लिहीन. पहिले नाव लिहून झाले आहे. ते वाचून दाखविले तेव्हा ती माता एवढेच म्हणाली की, वेलीचे एक पान चुकले होते, ते तेवढे लिहू नका.

परमेश्वर तुमच्या हातांस आशीर्वाद देवो.