व्यंगाचा दोष सुनेला नको, गोळी वेळेत द्या

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका निवृत्त आरोग्यसेविकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्जाच्या हप्त्यांचं बोलून झालं, आता थोडा वेळ बाळांबद्दल बोलू. काही बाळांना जन्मतःच व्यंग असतं. कुणाचा ओठ किंवा टाळू फाटलेली, कुणाचे पाय आत वळलेले, कुणाच्या हृदयाला छिद्र. अशा घरात पहिला प्रश्न काय असतो? “ग्रहणात हिनं काय केलं?”

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. एका बाळाच्या कमरेजवळ, मणक्यावर पाण्याच्या फुग्यासारखी गाठ होती. सासूबाई म्हणाल्या, “नको नको म्हणताना गिराणात इळीवर भाजी चिरली हिनं.” सून भिंतीकडं तोंड करून रडत होती. बाळाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण पायांत ताकद आली नाही आणि लघवीवर ताबा नाही. त्या आईला आजही ग्रहणाचंच ऐकावं लागतं.

मैत्रिणींनो, यात विळीचा काही संबंध नव्हता. चुकलं असेल तर माझंही चुकलं. ती सून नाव नोंदवायला आली तेव्हा तिसरा महिना संपत आला होता. मी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या आणि माझं काम झालं असं समजले. पण बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून तयार होतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत बंद होते. पाळी चुकली हे ध्यानात येईपर्यंत ते काम उरकत आलेलं असतं. तिच्या लग्नात मी जेवायला गेले होते. गोळीचं तेव्हाच सांगायला हवं होतं.

म्हणून नीट ऐका. मूल हवं असं ठरलं की दिवस जाण्याआधीपासून, कमीत कमी एक महिना आधी, 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी रोज सुरू करायची. तीन महिने पूर्ण होईपर्यंत ती चालू ठेवायची. चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी, तिच्यातही फॉलिक ॲसिड असतंच. आधीच्या बाळाला मणक्याचं व्यंग असेल तर जास्त ताकदीची गोळी लागते, ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. गोळीनं प्रत्येक व्यंग टळतं असं नाही, पण मणक्याची बरीचशी टळतात.

धोका वाढवणाऱ्या बाकीच्या गोष्टीही सांगते. मिश्री, तंबाखू, दारू. साखरेचा आजार असून ती ताब्यात नसणं. आईचं वय 35 च्या पुढं असणं. गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होणं, म्हणून लहानपणीच गोवर-रुबेलाची लस चुकवायची नाही. मामाची, आत्याची मुलगी करण्याची आपल्याकडं रीत आहे, त्या नात्यातही धोका वाढतो. फिटची काही औषधं बाळाला बाधतात. पण ती आपल्या मनानं बंद करू नका, दिवस जाण्याआधी डॉक्टरांकडून बदलून घ्या. आणि मुलगा व्हावा म्हणून कुणी पुडी, औषध देत असेल तर ते अजिबात घेऊ नका. त्यानं मुलगा होत नाही, बाळाला अपाय मात्र होऊ शकतो.

यातलं काहीही नसताना व्यंग होतं, असंही पुष्कळदा घडतं. डॉक्टरांनाही कारण सापडत नाही. मग आपण सुनेकडं बोट कशाला दाखवायचं?

पाचव्या महिन्याच्या सुमारास, 18 ते 20 आठवड्यांत सोनोग्राफी करून घ्या. बाळंतपण दवाखान्यातच करा आणि बाळ डोक्यापासून पायापर्यंत तपासून घ्या. टाळू फाटली असेल तर दूध नाकातून येतं, ठसका लागतो, बाळाचं वजन वाढत नाही. अशा बाळाला दूध कसं पाजायचं ते नर्सताईंकडून शिकून घ्या. दूध पिताना बाळ घामाघूम होत असेल, दमत असेल तर त्याचं हृदय तपासून घ्या. ओठ, जीभ निळी पडत असेल तर एक तासही थांबू नका, 108 ला फोन लावा.

काही घरांत असं बाळ झाकून ठेवतात. तसं करू नका. वळलेल्या पायांना पहिल्या काही आठवड्यांत उपचार सुरू झाले तर दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय सरळ होतात. पुढं काही वर्षं खास बूट घालावे लागतात, ते मात्र कंटाळून सोडायचे नाहीत. झाकून ठेवलं तर तेच मूल जन्मभर पायाच्या कडेवर चालतं.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. जन्मापासून 18 वर्षांपर्यंत त्यात तपासणी होते आणि पुढचे उपचार मोफत मिळतात. आशाताई घरी येतील तेव्हा बाळाचं दुपटं काढून दाखवा. अंगणवाडीत तपासणीची गाडी येते तेव्हाही मूल घेऊन जा.

शेवटी एकच मागणं. गावात नवी सून आली की आपण ओटी भरायला जातोच. तेव्हा तिच्या कानात गोळीचं सांगा, आशाताईंशी तिची गाठ घालून द्या. आणि कुणाच्या घरी व्यंग असलेलं बाळ जन्मलं तर त्या आईच्या बाजूला जाऊन बसा. तिला म्हणा, “बाई, तुझं काही चुकलं नाही. चल, उद्या आपण दोघी बाळाला दवाखान्यात दाखवून येऊ.”