चाकांवरचें घर आणि रानांतील वीज

मोटारी घेऊन रानांत मुक्काम करण्याची हौस अमेरिकेंत शंभर वर्षांहून जुनी आहे. 1915 ते 1924 या काळांत टॉमस एडिसन, हेन्री फोर्ड व हार्वे फायरस्टोन हे तीन धनाढ्य मित्र मोटारींचा तांडा घेऊन अशा सफरींवर निघत. निसर्गलेखक जॉन बरोज हेहि पहिल्या कांहीं वर्षांत त्यांच्यासमवेत असत. तंबू ठोकले, चूल पेटली, कीं एडिसनसाहेबांच्या बॅटऱ्या बाहेर निघत आणि झाडाझुडपांत विजेचे दिवे लागत. रानांत जावें, पण अंधारांत मात्र बसूं नये, हा मनुष्यस्वभाव तेव्हांपासूनचा!

बॅटरीची वीज एकाच दिशेनें वाहते, आणि एडिसन हे याच सरळ प्रवाहाचे कट्टर अभिमानी. 1882 सालीं न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील त्यांच्या वीजघरांतून हीच वीज बाहेर पडली. पुढें वेस्टिंगहाउस यांनीं उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाचा पक्ष घेतला, 1893 सालचें शिकागोचें प्रदर्शन त्या विजेनें उजळून काढलें, आणि लढाई जिंकली. हरलेला पक्षहि मोठा चिवट. मॅनहॅटनमधील सरळ प्रवाहाचा शेवटचा पुरवठा बंद झाला तो 2007 सालीं. चाकांवरच्या घरांत, म्हणजे मोटारहोममध्यें, हे दोन्ही वैरी एका छपराखालीं नांदतात. दिवे, पाण्याचा पंप, उबाऱ्याचा पंखा हीं बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. मायक्रोवेव्ह व कॉफीचें यंत्र यांना मात्र अमेरिकेंतील घरोघरची 120 व्होल्टची, सेकंदाला साठ आवर्तनांची वीज लागते. या दोघांची सोयरीक जुळविणारा मध्यस्थ म्हणजे इन्व्हर्टर.

हा शब्द आपल्याकडील शहरवासीयांस परका नाहीं. भारनियमनाच्या दिवसांत जिन्याखालीं किंवा गॅलरींत येऊन बसलेली ती घुमणारी पेटी, आणि तिच्या शेजारची, पाणी भरावयाचें नेहमीं राहून गेलेली ती बॅटरी, कोणी विसरलें नसेल. पण घरचा इन्व्हर्टर दोन घटका वेळ मारून नेतो; मग रस्त्यावरची वीज येते. रानांत उभ्या असलेल्या गाडीकडे कोणतीच वीज यावयाची नसते.

ॲरिझोना संस्थानाच्या पश्चिम कडेस, कोलोरॅडो नदीपासून थोड्या अंतरावर, क्वार्टझाइट नांवाचें वाळवंटांतील लहानसें गांव आहे. हिंवाळा आला कीं उत्तरेकडील थंडीला कंटाळलेलीं माणसें आपलीं चाकांवरचीं घरें घेऊन येथें उतरतात. गांवाच्या दक्षिणेस ला पोसा हें सरकारी जमिनीचें विस्तीर्ण मैदान आहे. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल या मुदतींत परवाना काढून तेथें राहतां येतें. पाणी भरून घेण्याची सोय आहे. विजेचा खांब मात्र गाडीगाडीजवळ नाहीं. दिवसा ऊन लख्ख, रात्रीं गारठा चांगलाच.

अशा मैदानांत उतरलेलें एक निवृत्त जोडपें डोळ्यांसमोर आणावें. नवऱ्याला झोपेंत श्वास अडखळण्याचा विकार आहे; वैद्यांच्या सल्ल्यानें तो रात्रभर नाकावर मुखवटा बांधून, हवेचा सौम्य दाब देणारें सीपॅप यंत्र लावून निजतो. बायकोला पहांटे कॉफी हवी. दोघांना मिळून एखादा पदार्थ गरम करावयाचा असतो. यांपैकीं कॉफी एक दिवस चुकली तरी चालेल. श्वास चुकून चालणार नाहीं. गाडींत वीज कशी बसवावी याचा विचार येथूनच सुरू व्हावयास हवा, आणि बहुधा तो कॉफीपासून सुरू होतो.

आधीं हिशेब. श्वासयंत्राची पाण्याची तापणी बंद ठेवली तर सुमारें तीस वॉट लागतात. आठ तासांचे 240 वॉट-तास झाले. उबारा जळतो गॅसवर, पण त्याचा पंखा बॅटरीवर. रात्रभरांत तो एकंदर चार तास फिरला असें धरलें तर सुमारें 400. दिवे व पंप मिळून 100. संगणक, फोन 150. मायक्रोवेव्ह चालतांना 1500 वॉट ओढतो. दहा मिनिटांचे 250. कॉफीचे 150. शीतकपाट गॅसवरचें असल्यास तें जवळजवळ सोडून द्यावें. बेरीज तेराशेंच्या आसपास येते, आणि रूपांतरांतील घट धरून साडेतेराशें. शंभर अँपिअर-तासांच्या लिथियम-लोह-फॉस्फेट जातीच्या दोन बॅटऱ्यांत सुमारें 2560 वॉट-तास मावतात. म्हणजे शिल्लक भरपूर. जुन्या शिशाच्या बॅटऱ्या घेतल्या तर मात्र त्यांचा निम्माच सांठा वापरावा, नाहींतर त्या लौकर म्हाताऱ्या होतात. छपरावर 400 वॉटचे सौरपट असले तर हिंवाळ्याच्या उन्हांत घट वजा जातां दिवसाला हजार-बाराशें वॉट-तास मिळावे. थोडी तूट आहे, पण ती ढगाळ दिवसापुरती गाडीच्या इंजिनानें किंवा तासाभराच्या जनरेटरनें भरून निघते.

या सुरेख हिशेबांत एक चोर लपलेला असतो. मोठा इन्व्हर्टर नुसता जागा राहण्यासाठींहि वीस-तीस वॉट खातो. पंचवीस धरले तरी चोवीस तासांचे 600! कोणीहि कांहीं न वापरतां दिवसाच्या गरजेच्या जवळजवळ निम्मी वीज उडून गेली. पुष्कळ लोक सौरपट वाढवीत बसतात. खरें औषध म्हणजे बिछान्याजवळ बसविलेलें एक दूरचें बटण, आणि तें बंद करण्याची संवय.

इन्व्हर्टर दोन हजार वॉटचा पुरेल. मायक्रोवेव्ह आणि कॉफीचें यंत्र एकाच वेळीं लावावयाचीं नाहींत एवढें पथ्य पाळावें. त्याची लाट मात्र शुद्ध, वीजघरच्या विजेसारखी गोलाईची हवी. पायऱ्यापायऱ्यांची लाट देणारे इन्व्हर्टर स्वस्त मिळतात. त्यांवर मोटारी कण्हतात, मायक्रोवेव्ह मंदावतो, आणि कांहीं वैद्यकीय उपकरणांना ती लाट मुळींच मानवत नाहीं.

आतां बसविण्याचें काम. घरांत 230 व्होल्टवर दोन हजार वॉटचें यंत्र लावलें तर तारेंतून नऊ अँपिअरहि जात नाहींत. बारा व्होल्टवर तेंच काम करावयाचें तर रूपांतरांतील घट धरून 185 अँपिअर लागतात. दाब जितका कमी तितका प्रवाह अधिक, आणि तारेला ताप येतो तो प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत. म्हणून बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची तांब्याची तार सत्तर ते एकशेंसात चौरस मिलिमीटर छेदाची, अंगठ्याएवढी जाड घ्यावी लागते, आणि आंखूडहि हवी. इन्व्हर्टर बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. लांबी वाढवावयाचीच झाली तर 120 व्होल्टच्या बाजूची वाढवावी, ती बारीक तारेंतूनहि सुखानें जाते. बॅटरी शिशाची व उघड्या पाण्याची असेल तर इन्व्हर्टर तिच्याच कप्प्यांत मात्र ठेवूं नये. भरतांना तिच्यांतून हायड्रोजन निघतो, आणि इन्व्हर्टरच्या आंत ठिणगी पडूं शकते.

सांध्यांकडे फार थोडे लोक लक्ष देतात, आणि आग तेथूनच लागते. एखाद्या सैल बोल्टखालीं ओहमचा अवघा एक सहस्रांश अडथळा राहिला आणि त्यांतून 180 अँपिअर वाहिले, तर त्या एका ठिपक्यावर बत्तीस वॉट उष्णता निर्माण होते. डाग देण्याच्या इस्त्रीची ही उष्णता. ती लांकडी फळ्यांच्या बंद कप्प्यांत, गादीखालीं. तारेच्या टोकाचा डोळा हातोडीनें ठोकून बसवूं नये, दाबयंत्रानेंच दाबावा. बोल्टांना कारखान्यानें सांगितला असेल तितकाच पीळ द्यावा.

फ्यूजचें काम यंत्राला वांचविण्याचें नसून तारेला वांचविण्याचें आहे, ही गोष्ट ध्यानांत आली कीं त्याची जागा आपोआप ठरते. तो बॅटरीच्या धन अग्रापासून शक्यतों एका वितीच्या आंत असावा. त्याच्या अलीकडची तार बेवारस असते. लिथियमच्या बॅटरींत दोन टोकें चुकून भिडलीं तर क्षणार्धांत हजारों अँपिअर उसळतात. साधा फ्यूज अशा वेळीं वितळतो खरा, पण वितळल्यावरहि आंतल्या ज्योतींतून प्रवाह चालूच राहूं शकतो. म्हणून वीस हजार अँपिअरचा लोंढा तोडूं शकणारा ‘टी’ वर्गाचा फ्यूज येथें वापरतात. त्याची किंमत ऐकून नाक मुरडणारे गृहस्थ त्याच गाडीच्या पडद्यांवर त्याहून अधिक खर्च करतात!

बाहेरचा खांब, जनरेटर आणि इन्व्हर्टर यांपैकीं एका वेळीं एकाचीच वीज गाडींत शिरली पाहिजे. दोन्ही टोकांना पिना असलेली तार करून इन्व्हर्टर भिंतींतल्या जागेला जोडण्याची युक्ति कोणी सुचविली तर त्याला नम्रपणें वाटेला लावावें. अशा तारेच्या उघड्या पिना जिवंत असतात. बदलकळ बसविणें हाच एक मार्ग. त्याबरोबर न्यूट्रल आणि अर्थ यांच्या गांठीचा प्रश्न येतो. गाडी खांबाला जोडलेली असतांना ही गांठ बाहेरच्या पुरवठ्यांत पडलेली असते. गाडींत ती दुसऱ्यांदा मारूं नये. गाडी एकटी उभी असतांना इन्व्हर्टर हेंच वीजघर होतें, म्हणून तेव्हां ती त्याच्याच पोटांत पडावी लागते. न पडली तर बिघाड झाल्यावरहि प्रवाहाला परतीची वाट सांपडत नाहीं, रक्षक कळ पडत नाहीं, आणि पत्र्याला हात लावणाऱ्याला धक्का बसतो. चांगले इन्व्हर्टर ही गांठ आपण होऊन बांधतात व सोडतात. कारागिराला हें विचारावें. तो गोंधळला तर दुसरा कारागीर पाहावा.

आणखी एक गंमत हमखास घडते. गाडींत बॅटरी भरणारें यंत्र आधींपासूनच असतें व तें 120 व्होल्टवर चालतें. इन्व्हर्टरनें सगळी गाडी जिवंत केली कीं तेंहि जागें होतें, आणि बॅटरीचीच वीज घेऊन बॅटरी भरूं लागतें! दर फेरींत कांहीं भाग उष्णता होऊन जातो, आणि सकाळीं मालक सौरपटांना दोष देतो. इन्व्हर्टर चालू असतांना त्या यंत्राची कळ बंद असलीच पाहिजे.

आतां त्या निजलेल्या माणसाकडे वळावें. मध्यरात्र उलटली आहे. थंडीनें शिशाची जुनी बॅटरी मंदावली आहे, उबाऱ्याचा पंखा फिरतो आहे, आणि श्वासयंत्र इन्व्हर्टरवर लावलेलें आहे. दाब खालीं घसरतो. सुमारें साडेदहा व्होल्टला इन्व्हर्टर एकदोनदां ओरडतो व स्वतःला बंद करून घेतो. बॅटरी वांचावी म्हणून तो असा बनविलेलाच आहे. मुखवटा तोंडावर आहे, पण त्यांत हवा नाहीं. माणूस गुदमरून उठतो, किंवा पुरता जागा न होतां रात्रभर अडखळत राहतो. येथें इन्व्हर्टरची कांहीं चूक नाहीं. पुष्कळशीं श्वासयंत्रें आंतून सरळ प्रवाहावरच चालतात. कंपनीची जोडतार घेतली तर तीं थेट बारा व्होल्टवर लागतात. बॅटरीची वीज उलटसुलट करून पुन्हां सरळ करण्याचा वळसा वांचतो, इन्व्हर्टर रात्रीं निश्चिंत झोपतो, आणि पंचवीस वॉटचा तो चोरहि त्याच्याबरोबर. श्वासयंत्रासाठीं एक लहान बॅटरी वेगळी राखून ठेवली तर मोठ्या बॅटरीची अवस्था कशीहि असो, त्या रात्रीपुरता प्रश्न सुटतो.

रात्रीं जनरेटर लावून ठेवणें हा यावरचा तोडगा नव्हे. मैदानांत शांततेचे तास पाळावे लागतात हें एक; आणि त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, निजलेल्याला तो जागें करीत नाहीं. या वायूचा इशारा देणारी घंटा बिछान्याजवळ असावी, व तिची मुदत संपली कीं बदलावी.

लिथियमची बॅटरी गोठणबिंदूखालीं भरूं नये, म्हणून वसंतांत उत्तरेकडे परततांना ती गाडीच्या उबदार भागांत असलेली बरी. आणि पहिले शंभर मैल झाले कीं गाडी थांबवून, सर्व वीज तोडून, प्रत्येक बोल्टाचा पीळ पुन्हां पाहावा. रस्त्याच्या हादऱ्यांनीं त्यांतील एखाददुसरा हटकून सैल झालेला असतो.