भिंतीवरचा कोळी आणि पऱ्हाटीतला विंचू

(जिल्हा मेळाव्यात खडवली, ता. कल्याण, जि. ठाणे येथील कार्यकर्त्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही खडवलीहून आलो. कल्याणच्या पुढे, कसाऱ्याच्या रेल्वेवरचं, भातसा नदीच्या काठचं हे गाव. आमच्याकडे भात होतो. कापूस आम्ही गादीत भरलेलाच पाहिला आणि ज्वारी वाण्याकडून आणतो. मग भातवाल्यांनी कोरडवाहू शेतकऱ्यांपुढे उभं राहून काय सांगायचं? भावाबद्दल आणि कर्जाबद्दल सकाळपासून तुम्ही ऐकताच आहात. आमच्या वाट्याला विषय आला तो लहान. तुमच्यातल्याच काही बायांनी विचारलं होतं की घरात हे मोठमोठे कोळी निघतात, लेकरं खाली झोपतात, तर त्यांच्यावर काय फवारावं? खडवलीकरांना याचा अनुभव आहे असं कुणीतरी सांगितलं आणि आम्हाला बोलावणं आलं. अनुभव आहे हे खरं. तो सांगतो, मग काय फवारायचं ते तुम्हीच ठरवा.

भाताची झोडणी उरकली होती. दिवस बुडून तास झाला असेल. आमच्यातल्या एकाच्या घरी भिंतीवर तळहाताएवढा कोळी दिसला. पाय लांब, रंग मातकट, आणि पोटाखाली रुपयाएवढी पांढरी चकती धरलेली. घरात एकच ओरडा झाला. म्हातारी म्हणाली, विषारी आहे, अंगावर मुतला तर फोड येतील. बाप म्हणाला, काठी आणा. नऊ वर्षांची पोर अनवाणी पडवीत पळाली आणि अंधारात सरपणाच्या ढिगातून काठी ओढली. काठीबरोबर हाताला विंचू लागला. बोटाएवढाही नव्हता, लालसर पिवळा.

कोळी राहिला भिंतीवर. पोर आधी रडली, मग गप्प झाली. आणि ती गप्प झाली याचं आम्हाला बरं वाटलं, हे आज सांगतानाही लाज वाटते. कांदा चोळला, चिंचोका घासून लावला. शेजारच्या वाडीतून उतरवणारा आणला, त्यात तास गेला. पोरीला दोन वेळा उलटी झाली, अंग घामानं भिजलं, हातपाय गार पडले. कुणी म्हणालं, भ्याली आहे. कुणी म्हणालं, पित्त झालं. मग एका दवाखान्यात नेली. तिथे गोळी नव्हती, सुई देऊन कल्याणला न्या म्हणाले. रात्रीची लोकल मिळाली. टिटवाळा, आंबिवली, शहाड, एकेक स्टेशन येत होतं आणि पोरीला धाप लागत होती. कल्याणला ज्या डॉक्टरनं पाहिलं त्यानं हात लावल्याबरोबर विचारलं, विंचू लाल होता का? गोळी दिली, प्राणवायू लावला. पोर तिसऱ्या दिवशी घरी आली. आता शाळेत जाते.

आधी कोळ्याचं बोलू, कारण प्रश्न त्याचा होता.

कोळी, कातीण, काहीही म्हणा. जवळजवळ प्रत्येक कोळ्याला विष असतं. ते त्याला माशी, झुरळ, टोळ मारण्यापुरतं लागतं. माणसाच्या कातडीतून दात आत जाईल असे कोळी थोडे, आणि ज्यांच्या विषानं माणूस आजारी पडेल असे त्याहून थोडे. भिंतीवरचा तो मोठा, पांढरी चकती बाळगणारा कोळी जाळंसुद्धा विणत नाही. रात्री फिरून झुरळं खातो. ती चकती म्हणजे तिच्या अंड्यांची पिशवी. म्हणजे ती मादी, लेकुरवाळी, पळायला वाट शोधत होती. सह्याद्रीच्या बाजूला बिळात राहणारे केसाळ मोठे कोळी आहेत, ते चावले तर चांगलं दुखतं. काळ्या अंगाच्या, लाल खुणेच्या एका जातीचे कोळी आपल्या देशातही आहेत. दगडाखाली, अडगळीत राहतात. ते चावले तर पोटात, पाठीत गोळे येतात, घाम सुटतो, आणि तेव्हा दवाखाना गाठलाच पाहिजे. पण ते भिंतीवर मिरवत नाहीत.

मग अंगावर फोड येतात ते कशाचे? आमच्याकडे पावसाळ्यात दिव्यावर एक बारीक किडा येतो. मुंग्याएवढा, केशरी आणि काळे पट्टे. तो चावत नाही, डंख मारत नाही. मानेवर बसला म्हणून आपण चिरडतो आणि त्याच्या अंगातला रस कातडीला लागतो. दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखी लांबट पट्टी उठते. सकाळी उठून नाव कोळ्याचं. किडा चिरडू नये, फुंकरीनं उडवावा. चिरडला गेलाच तर लगेच साबणानं धुवावं आणि तो हात डोळ्याला लावू नये. दुसरे फोड नागिणीचे. अंगाच्या एकाच बाजूला ओळीनं येतात, आग होते. तो रोग आहे, लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचं विष अंगात दडून राहतं आणि पुढे उठतं. त्याचा कोळ्याशी काही संबंध नाही, पण डॉक्टरकडे लवकर गेलं तर त्यावर औषध आहे.

आता फवारण्याचं. तुमच्यापैकी काहींच्या घरात कपाशीचं औषध असतं आणि तेच पाण्यात कालवून आढ्याला, भिंतीला मारलं जातं. असं आमच्याकडेही भाताच्या औषधाचं करतात. ज्या खोलीत कोळी मेला त्याच खोलीत आपण भाकरी खातो आणि लेकरू भिंतीला हात लावून तोंडात घालतं. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना किती शेतकरी आणि शेतमजूर गेले हे या मांडवात आम्ही सांगायला नको. उघड्या शेतात ज्यानं माणूस पडला ते बंद खोलीत मारायचं, आणि तेही कुणासाठी? जो शेतात तुमचे तुडतुडे आणि बोंडअळीची लहान पिल्लं फुकट खातो त्याच्यासाठी. (कपाशीवर पानं तांबडी करणारा लाल कोळी वेगळा. तो कीड आहे, त्याचं नाव या कोळ्याच्या माथी मारू नका.) घरात कोळी नको असेल तर डबा पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि बाहेर सोडा. खर्च शून्य.

कोळ्याला आठ पाय, विंचवालाही आठ. एकाच भाऊबंदकीतले. पण भिती एकाला आणि मरण दुसऱ्याकडे, अशी आपली वाटणी झाली आहे. विंचवातही आपण चुकतो. मोठा काळा विंचू, इंगळी, दिसायला भयंकर, डंखही ठणकतो, पण त्यानं माणूस सहसा दगावत नाही. मारतो तो लहान लाल विंचू. तो कोकणात आहे, तसा तुमच्या मराठवाड्यात आणि विदर्भातही आहे.

याचा इलाज कुणी शोधला हे तुम्हाला मुद्दाम सांगायचं आहे, कारण तो माणूस तुमच्याकडचा. डॉ. हिंमतराव बावस्कर, जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. नागपूरला डॉक्टरकी शिकले आणि 1976 साली महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. तिथे विंचू चावलेली माणसं यायची, तोंडाला गुलाबी फेस यायचा आणि मरायची. त्या काळात गंभीर होऊन दवाखान्यात आलेल्या शंभर रोग्यांत तीसच्या आसपास दगावत. पुस्तकात इलाज नव्हता. हा डॉक्टर रोग्याच्या खाटेपाशी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलटी लिहीत राहिला. 1982 साली त्यांची टिपणं लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली.

त्यांनी काय पाहिलं? लाल विंचवाचं विष मज्जातंतूंना पेटवतं. अंगात असे रस एकदम सुटतात की रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून हातपाय गार. हृदयाला आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलावं लागतं, ते थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. मोटेच्या बैलापुढे विहीर बुजत यावी तसं. तर मग आवळलेल्या नळ्या सैल केल्या तर? रक्तदाबावरची एक गोळी होती, प्राझोसिन. ती त्यांनी वापरली आणि 1986 साली त्यावर डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. मरणाऱ्यांचं प्रमाण शंभरात चारच्याही खाली आलं. पुढे विंचवावरची लसही निघाली. 2011 साली त्यांनीच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवलं की गोळीबरोबर लस दिली तर रोगी आणखी लवकर उठतो. सरकारनं त्यांना 2022 साली पद्मश्री दिली.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बाजूला असा एक कोळी आहे की त्यानं खरोखर माणसं मेली, तेरा मरणांची नोंद आहे. 1981 साली त्यांनी त्यावर लस काढली, ती दवाखान्यांत ठेवली. त्यानंतर त्या कोळ्यानं एकही मरण झालेलं नाही. कोळी तिथे तेवढाच आहे.

आता ओळखायचं कसं, हे नीट ऐका. आम्ही यातच फसलो. डंख भयंकर ठणकतोय, माणूस बोंबलतोय, पण उलटी नाही, घाम नाही, हातपाय उबदार आहेत, तर बहुधा धोका कमी, तरी दवाखान्यात दाखवायचंच. पण दुखणं फारसं नाही आणि उलटी झाली, अंग घामानं निथळलं, हातपाय गार पडले, छाती धडधडते, तर एक मिनिट घरात थांबायचं नाही. मुलग्यांचं लिंग ताठ होतं, हीही विष चढल्याची खूण आहे. बायांनो, लाजू नका, डॉक्टरला स्पष्ट सांगा. लहान लेकराला सगळ्यात जास्त धोका, कारण विष तेवढंच आणि अंग लहान. चिरा द्यायचा नाही, करकचून बांधायचं नाही, उतरवण्यात वेळ घालवायचा नाही. उतरवणाऱ्याची कीर्ती कशी होते तेही आता कळलं असेल. ज्यांना फक्त ठणका होता ती त्याच्याकडून बरी होऊन जातात, ती तशीही झाली असती.

गोळी आपल्या मनानं द्यायची नाही. ती रक्तदाब उतरवते. घेतल्यावर रोग्याला आडवंच ठेवावं लागतं, उठवून चालवलं तर चक्कर येऊन पडतो. किती द्यायची हे वजनावर ठरतं. ते काम डॉक्टरचं. आपलं काम वेळेत पोचवायचं, आणि पोचल्यावर तिथे गोळी असेल हे आधीपासून बघायचं.

इथे आमचा राग आहे. शेतकऱ्यासाठी अपघाताची सरकारी योजना आहे, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची. त्यात सर्पदंश, विंचूदंश बसतो. माणूस मेला तर दोन लाख मिळतात. दहा वर्षांखालचं लेकरू त्यात बसत नाही, म्हणजे विंचू ज्याला आधी मारतो त्याचा हिशेबच नाही. बरं, पैसे द्यायला आम्ही नको म्हणत नाही. पण मेल्यावर दोन लाख मोजणाऱ्या तिजोरीतून जगवणारी स्वस्तातली गोळी फडताळात का राहत नाही? त्या रात्री आम्ही रेल्वेत बसून हाच हिशेब करत होतो.

तुमची घरं आम्ही काल पाहिली. दाराशीच पऱ्हाटीचा ढीग, बाजूला तुराट्या, मागे कडब्याची गंजी. भाव येईल म्हणून आतल्या खोलीत कापूस, त्यात सरकीसाठी उंदीर, उंदरामागे साप. या मांडणीला तुम्ही हौसेनं गेला नाहीत हे आम्ही जाणतो. कापूस वेळेत आणि दामात गेला असता तर कुणी त्याच्या ढिगाशेजारी अंथरूण घातलं नसतं. तरी जेवढं हातात आहे तेवढं करा. पऱ्हाटी भिंतीपासून चार हात लांब रचा. काडी ओढायची ती दिवसा, उजेडात काढून ठेवा. अंधारात पेंढी काढायला लेकरू पाठवू नका. पायताण घालण्याआधी झटका, अंथरूण झटका, जमल्यास खाटेवर झोपा.

आणखी दोन कामं. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या बैठकीआधी आपल्या आरोग्य केंद्रात जायचं. भांडायला नव्हे, विचारायला. प्राझोसिन आहे का, सापाची लस आहे का, त्यावरची मुदत कधीची, आणि रात्री डॉक्टर कोण असतो? कागदावर लिहून आणा. जिथे नाही त्या गावांची यादी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांपुढे आपण सगळे मिळून ठेवू.

दुसरं काम आजचंच. नोट खरी की खोटी बघायची जांभळ्या उजेडाची बॅटरी आम्ही आणली आहे. तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, दहा पावलांवरूनही दिसतो. चहा झाला की अंधार पडेल. पायात जोडे घाला आणि मांडवामागच्या पऱ्हाटीच्या ढिगापाशी या. लेकरांनाही आणा, पण कडेवर.