कुंडीतली लिली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण चैत्रातल्या हळदीकुंकवाला माझ्या दारची लाल लिली पाहून तुम्ही "कशी वाढवलीत?" असे विचारलेत, आणि चिटणीसबाई म्हणाल्या, "आता हेच सर्वांपुढे सांगा." चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपण जिला लिली म्हणतो तिला अमरिलिसही म्हणतात. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. मुलीने मला वाचून दाखवले की, इंग्लंडातल्या जॉन्सन नावाच्या एका घड्याळजीने १७९९ च्या सुमारास दोन जातींचा संकर करून हिची पहिली नवी जात तयार केली. ऐकून मला धीर आला. घड्याळजीला जमले, तर पोळ्या लाटणारीला का जमू नये?

आईने मला हिचे तीन कांदे दिले होते. लाड करायचे म्हणजे पाणी घालायचे, एवढेच मला ठाऊक. पाने पिवळी पडली की मला वाटे, तहानली असेल! पावसाळा संपेतो दोन कांदे कुजून लिबलिबीत झाले. त्याच दिवाळीत आई गेली. उरलेला एक कांदा मी सावलीत सुकवला आणि वेड्यासारखा स्वयंपाकघरातल्या कांद्यांच्या टोपलीत ठेवला.

एका संध्याकाळी सासूबाई पिठल्यासाठी कांदा चिरायला बसल्या आणि हाच त्यांच्या हाती आला. विळीवर धरताना वास येईना, म्हणून त्यांनी मला हाक मारली. भगिनींनो, हा कांदा विषारी असतो. पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात. माझे हातपाय गार पडले. सासूबाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुझ्या आईची आठवण आहे ही. टोपलीत नको, कुंडीत ठेव." दुसऱ्या दिवशी कुंडीही त्यांनीच आणवली.

आता कृती सांगते. कुंडी फार मोठी नको. कांद्याभोवती दोन बोटे जागा पुरते. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा. दोन भाग माती, एक भाग रेती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत घ्यावे. कांदा पुरा पुरू नये, मान व वरचा तिसरा हिस्सा उघडा ठेवावा. सकाळचे ऊन मिळेल अशी जागा द्यावी. कोंब दिसेपर्यंत पाणी बेताचे, मग माती वरून सुकली की घालावे.

फुले सुकल्यावर दांडा कापावा, पण पाने मुळीच कापू नयेत. पुढच्या वर्षीच्या फुलांची शिदोरी तीच कांद्यात साठवतात. म्हणून खत द्यायचे ते फुले झाल्यावर. पावसाळ्यात कुंडी पागोळीखाली ठेवू नये. त्या दिवसांत काळ्या अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेल्या अळ्या पानांवर पडतात. रोज पाने उलटून पाहावे आणि त्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. दिवाळीनंतर पाणी कमी करत बंद करावे. पाने पिवळी पडली तर घाबरू नये, ती तिची झोप असते. दीड-दोन महिने झोपू द्यावे आणि माघात पुन्हा पाणी सुरू करावे.

माझ्या कांद्याने दुसऱ्या वर्षी दांडा वर काढला. चार फुले आली. पहिले फूल मी देवापुढे ठेवले, दुसरे सासूबाईंच्या हाती दिले. आईने दिलेले जपायचे कसे, ते मला सासूबाईंनी शिकवले.

त्या एका कांद्याला आजवर पुष्कळ पिल्ले झाली. त्यांतली सात आज पिशवीत आणली आहेत. फुलायला दोन-तीन वर्षे लागतील, धीर धरावा. ज्यांना हवी त्यांनी जरूर न्यावीत. मात्र घरी गेल्यावर कांद्यांच्या टोपलीत ठेवू नयेत, एवढीच विनंती!