गुलमोहर गेला, आता ताम्हण जगवूया

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका भाडेकरू भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या कार्यक्रमात भाडेकरूला बोलायला बोलावलं, याबद्दल आधी कमिटीचे आभार मानते. विषय मात्र मी मागून घेतलाय. गेटाजवळच्या झाडाबद्दल बोलायचं आहे. जे गेलं त्याबद्दल, आणि जे लावलंय त्याबद्दल.

मी मूळची साताऱ्याकडची, नोकरी शिक्षिकेची. आमच्या साताऱ्यात दर वर्षी १ मे रोजी गुलमोहर दिवस साजरा होतो. झाडाखाली बसून चित्रं काढतात, कविता म्हणतात. त्यामुळे बदली होऊन दोडामार्गला आले आणि खोली बघायला म्हणून या गेटातून आत शिरले, तेव्हा घरमालकांनी आतली टाइल्स, पाण्याची टाकी सगळं दाखवलं. पण मी घर पसंत केलं ते गेटाजवळचा गुलमोहर बघून. मे महिना होता. सगळा रस्ता लाल झाला होता.

जुने सभासद सांगतात, १९९९ साली दोडामार्ग तालुका झाला, कचेऱ्या आल्या, बदलीवर माणसं येऊ लागली, आणि त्यांना राहायला जागा हवी म्हणून अशा इमारती उभ्या राहिल्या. आपली सोसायटी त्यातलीच. इमारत झाली त्या पावसाळ्यात पहिल्या कमिटीनं गुलमोहर लावला. म्हणजे झाड आणि सोसायटी एका वयाची. आज त्याचाही रौप्यमहोत्सव व्हायचा. पण झाड आज नाही.

गेल्याच्या गेल्या मे महिन्यात त्याला फूल आलं नाही. पानंही एकाच बाजूला आली. एका सकाळी मुलं शाळेच्या रिक्षाची वाट बघत उभी होती आणि दहा हातांवर फांदी कोसळली. वारा नव्हता, पाऊस नव्हता. देवाच्या कृपेनं कुणाला लागलं नाही. त्यात माझाही मुलगा होता, म्हणून मी आज जरा जास्त बोलणार, सांभाळून घ्या.

तेव्हा सगळे म्हणाले, झाड अचानक मेलं. तळमजल्यावरच्या काकी तेवढ्या म्हणाल्या, "झाड एका दिसात मरूक नाय गो. तुमी तेका सात वर्सां मारलास."

काकींचा हिशोब बरोबर होता. सात वर्षांपूर्वी आवारात पेव्हर ब्लॉक बसले. चिखल गेला, गाड्या नीट लागू लागल्या, कुणाचीच तक्रार नव्हती. पण पेव्हर पार बुंध्याला टेकवले आणि फटीत सिमेंट ओतलं. गटार सरळ नेण्यासाठी एका बाजूची मुळं तोडली. गुलमोहराची मुळं खोल जात नाहीत, वरच्या थरात लांबवर पसरतात. त्यांना पाणी लागतं तशी हवाही लागते. आपल्याकडे शंभर इंचांहून जास्त पाऊस पडतो, तरी ते झाड तहानलेलं राहिलं, कारण पाणी पेव्हरवरून थेट गटारात जात होतं. तोडलेल्या मुळांतून बुरशी शिरली. बुंध्याशी तपकिरी, लाकडासारखी टणक अळंबी उगवली होती ती आठवते का? मुलं त्यावर पाय देऊन खेळायची. ती मुळं कुजल्याची खूण होती. आम्हाला कुणालाच ती वाचता आली नाही.

आपल्या तालुक्यात २००२ पासून हत्ती येतात. हत्तीनं माड मोडला, केळी तुडवली की पंचनामा होतो, भरपाईचा अर्ज होतो. पेव्हरनं झाड मारलं त्याचा पंचनामा कोण करणार? शहरी भागातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे. त्यात झाड तोडणे म्हणजे नुसती कुऱ्हाड चालवणे नव्हे. झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही तोडण्यात धरलं आहे. तो अर्थ लावला, तर आपण गुलमोहर तोडायला सात वर्षांपूर्वीच सुरुवात केली होती. दिल्लीत तर २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादानं झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं. म्हणजे ही चूक आपलीच एकट्यांची नाही. पण आपली आहे.

मग रीतसर अर्ज करून, परवानगी घेऊन वाळलेलं झाड उतरवलं. आणि प्रश्न आला, आता तिथे काय? सभेत तीन मतं पडली. एक, जागा सपाट करून दोन गाड्यांची पार्किंग. दोन, शोभेचे बॉटल पाम, कारण कचरा कमी. तीन, पुन्हा झाड.

आम्ही भाडेकरू त्या सभेत बाहेर व्हरांड्यात उभे होतो. सोळापैकी नऊ बिऱ्हाडं भाड्याची. मालक कुणी मुंबईला, कुणी म्हापशाला. मत मालकाचं, हे कायद्यानं बरोबरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मालकांकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेताना (२००१ पासून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे बरं का, जास्त घेता येत नाही) आमची आठवण होते, तशी झाडाच्या वेळीही झाली तर बरं, असं व्हरांड्यात कुणीतरी म्हणालं. ते आत ऐकू गेलं. अध्यक्षांनी दार उघडून आम्हाला आत बोलावलं. मतदानाला नाही, बोलायला. या सोसायटीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ती.

मी म्हटलं, पार्किंग दोघांना मिळेल, सावली सगळ्यांना मिळेल. आणि पाम ऊन अडवत नाही, दुपारी तीनला शाळेतून आलेलं मूल त्याच्याखाली उभं राहू शकत नाही. मग पुन्हा गुलमोहर का नको, असं विचारलं गेलं. मला तर तो माहेरचा. पण तो मूळचा मादागास्करचा, लाकूड ठिसूळ, फांद्या मोडक्या. गेटावर, मुलांच्या डोक्यावर तो पुन्हा नको. शिवाय ज्या मातीत कुजकी मुळं राहिली, तिथे तेच झाड लावलं तर तोच रोग त्याला धरू शकतो.

म्हणून ताम्हण ठरलं. आपल्या महाराष्ट्राचं राज्यपुष्प. कोकणातल्या ओढ्याकाठी, व्हाळाकाठी आपसूक वाढणारं. भरपूर पाऊस सोसतं, पाण्यात पाय राहिले तरी रुसत नाही. लाकूड चिवट, होड्यांना वापरतात. आणि एप्रिल-मे महिन्यात जांभळ्या फुलांचे तुरे येतात, म्हणजे गुलमोहराचीच वेळ. लाल नाही, जांभळा रस्ता होईल.

जुनी जागा सोडून सहा फूट बाजूला, वरच्या तारांपासून दूर खड्डा घेतला. खाली जांभा लागला, पहारीनं फोडावा लागला. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. मे महिनाभर खड्डा उन्हात तापू दिला. मग तांबडी माती, कुजलेलं शेणखत, वाळवीसाठी थोडी निंबोळी पेंड. पाऊस नीट लागल्यावर जुलैत रोप लावलं. काठीला सुतळीनं सैल बांधलं, गुरांसाठी कुंपण केलं. मुख्य म्हणजे भोवतालचे पेव्हर काढून पाच फुटांचं मोकळं आळं ठेवलं.

पावसानं आपलं काम केलं. नोव्हेंबरपासून आमच्या बिऱ्हाडांतली मुलं बादलीनं पाणी घालतात. रोप आज माझ्या खांद्याला आलंय.

आता खरं सांगायचं ते. आमचा करार अकरा महिन्यांचा असतो. नऊ बिऱ्हाडांतली तीन या मे महिन्यात जाणार. माझी बदली झाली तर मीही जाईन. नवीन झाडाला निदान तीन उन्हाळे पाणी द्यावं लागतं. अकरा महिन्यांच्या माणसांवर तीन उन्हाळ्यांचं झाड सोपवून चालणार नाही. जांभ्याची जमीन पाणी धरत नाही; मार्च ते मे एक पंधरवडा चुकला तरी सगळी मेहनत वाया जाईल. आणि मग कुणीतरी म्हणेल, तिथे झाड जगतच नाही, पार्किंग करा.

म्हणून रौप्यमहोत्सवाची भेट म्हणून मी तीन गोष्टी मागते. एक, पाण्याची पाळी फ्लॅट नंबरप्रमाणे लावा, माणसांच्या नावानं नको. भाडेकरू बदलला तरी पाळी त्या घराकडे राहील. मालक लांब असतील तर त्यांनी एक फोन करून नवीन बिऱ्हाडाला सांगावं. दोन, पाच फुटांचं आळं कधीही बुजवायचं नाही, हे पुढच्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. कमिट्या बदलतात, लिहिलेलं राहतं. तीन, आवार, पाणी, झाडं अशा विषयांच्या सभेला भाडेकरूंना आत बसू द्या. मत नको. खुर्ची द्या.

पहिल्या कमिटीतले दोन काका आज पुढे बसलेत. त्यांनी गुलमोहर लावला तेव्हा मी या गावात नव्हते, माझा मुलगा तर जन्मलाही नव्हता. तरी त्या झाडाची सावली आम्हाला मिळाली, भाड्याच्या पावतीत तिचा कुठे उल्लेख नव्हता. ताम्हणाला भरभरून फूल येईल तेव्हा माझ्या फ्लॅटमध्ये दुसरंच कुणीतरी राहत असेल. त्यांना ते बघूनच घर पसंत पडावं, एवढीच इच्छा.

कार्यक्रम संपल्यावर जेवण आहे. जाताना बाटलीत उरलेलं पाणी गटारात ओतू नका, आळ्यात ओता. आजची पाळी सगळ्यांची.