शाळेच्या परसबागेत आपण शिकवायला जाऊ

(प्रभागसंघाच्या सभेतील भाषण)



आज कर्ज आणि हप्ते थोडे बाजूला ठेवू, शाळेबद्दल बोलू. आपली पोरं माती, खत, पिकं पुस्तकातून शिकतात. पेपरात उत्तर बरोबर लिहितात. पण बियाणं कुठून येतं विचारलं, तर म्हणतात दुकानातून. त्यांचं काय चुकलं? बियाण्याची मडकी त्यांनी घरात पाहिलीच नाहीत. म्हणून शाळेच्या परसबागेत आपण शिकवायला जायचं. तीन धडे पुरेत.

पहिला मातीचा. पाण्याचे दोन काचेचे ग्लास घ्या. एकात बांधावरच्या झाडाखालचं वाळलेलं ढेकूळ सोडा. दुसऱ्यात वर्षानुवर्षं शेणखत न पडलेल्या रानातलं. बहुतेक वेळा दुसरं लगेच फुटतं आणि पाणी गढूळ होतं. पहिलं जास्त टिकतं, कारण कुजलेल्या पाल्याने आणि बारीक मुळ्यांनी ते धरून ठेवलेलं असतं. जोराच्या पावसात आपली माती का वाहून जाते, हे मग पोरांना वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा मुळाचा. चवळी फुलावर आली की एक रोप अलगद उपटा. मुळांवर गाठी दिसतील. नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर गाठ काम करतेय. हवेतलं नत्र ती झाडाला मिळवून देते. ज्वारीत तुरीचं पाटं का टाकायचे, ते पोरांना तिथंच कळतं.

तिसरा बियाण्याचा. चांगल्या, निरोगी वेलावरचा दोडका बियाण्याला राखायचा. वेलावरच वाळू द्यायचा. बी राखेत घोळून मडक्यात ठेवायचं. मात्र गावरान बीच धरायचं. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी पीक एकसारखं येत नाही, हेही पोरांना सांगा.

कुणी म्हणेल, आम्ही कुठं शिकलेल्या? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान बियाणं जपलं, बचत गटातल्या बायांना सोबत घेतलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आज शिकलेले लोक त्यांच्याकडे शिकायला जातात.

एक गोष्ट आवर्जून सांगते. पाणी घालणं, खुरपणं, भाजी निवडणं मुलगे-मुली दोघांनी करायचं. नाहीतर बागेत राबणार मुली आणि उद्या शेतात काय पेरायचं ते ठरवणार मुलगे. ते तर आपण आजवर भोगलंच आहे.

सुरुवात कशी करायची? शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असाव्यात, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. आपल्यातल्या ज्या समितीत आहेत, त्यांनी नुसती सही करून उठू नका. परसबागेचा विषय मांडा. ज्या गटांकडे शालेय पोषण आहाराचं काम आहे, त्यांनी भाजीची देठं-सालं खड्ड्यात टाका, तांदूळ धुतलेलं पाणी वाफ्याला सोडा. बागेतली मेथी, शेवगा पोरांच्याच ताटात येऊ द्या.

पुढच्या मासिक सभेला प्रत्येक गटाने दोघींची नावं द्यावीत. येताना घरातलं मूठभर गावरान बी पदरात बांधून आणा. कुणाकडे कोणतं वाण आहे, ते वहीत लिहून घेऊ.